मला पुन्हा साधी ग्रामस्थ करून मिळणेबाबत

दिनांक : १८ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. गटविकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती, जि. सोलापूर

विषय : ग्रामसभेच्या 'अधिकृत चित्रीकरणकार' या पदातून मला मोकळे करून, साधी ग्रामस्थ म्हणून सभेत बोलू व रेकॉर्डिंग करू देणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयातील खिडकीवरच्या मॅडमनी "एवढं सगळं तोंडी नको सांगू गं, लेखी दे" असे सांगितल्यावरून.

अर्जदार : कु. ऋतुजा धोंडीराम सलगर, रा. तळवस्ती, मौजे चिंचबंधारे (उजनीकाठ)

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज सादर करते की,

१) मी वरील ठिकाणची कायमची रहिवासी असून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या ग्रामसभा सकाळी अकराला असतात आणि त्या वेळी वस्तीवरच्या सगळ्या बायका केळीच्या पॅकिंगला नाहीतर खुरपायला गेलेल्या असतात. सभा बहुतेक झेंड्याच्या दिवशी, आणि त्या दिवशी शाळेला सुट्टी असते, केळीला नसते. म्हणून गेल्या वर्षापासून मी सभा मोबाईलवर रेकॉर्ड करायला लागले आणि संध्याकाळी समाजमंदिराच्या पायरीवर सगळ्यांना लावून दाखवायला लागले. साहेब, आपण ते एकदा बघायला पाहिजे होतं! सिरीयल सोडून बायका यायच्या. आमच्या शेजारच्या मथुराकाकू तर "मागं घे, मागं घे, आबा पाइपलाइनीचं काय म्हनला ते परत लाव," असं करून तेच तेच ऐकायच्या आणि दुसऱ्या दिवशी सरपंच आबांना रस्त्यात गाठून त्यांचंच वाक्य त्यांना म्हणून दाखवायच्या. अशा रीतीने पाइपलाइन आली.

२) १ मेच्या सभेत सरपंच अभिमन्यू आबांनी मला माईकवरून पुढं बोलावलं. मला वाटलं, आता मोबाईल जातोय. आमच्याकडं सभेत कुणी अवघड प्रश्न विचारायला लागला की त्याचा सत्कार करायची पद्धत आहे, ते मला माहीत होतं. पण प्रश्न न विचारतासुद्धा होतो हे माहीत नव्हतं. शाल, श्रीफळ, गुच्छ. "ही आपली लेक! आजपासून ही गावची अधिकृत चित्रीकरणकार!" टाळ्या. मी इतकी खूश झाले की वाकून आबांच्या पाया पडले, आणि पद म्हणजे नेमकं काय हे विचारायचं राहून गेलं.

३) ते ग्रामसेवक भाऊसाहेबांनी नंतर सांगितलं, ते असं. अधिकृत रेकॉर्डिंग फक्त अधिकृत कार्यक्रमाचं, म्हणजे प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन, सत्कार आणि आभार. चर्चा सुरू झाली की बंद. गावाला अधिकृत माणूस असल्यामुळे बाकी कुणी मोबाईल वर धरायचं कारण उरत नाही, त्यामुळं आता माझ्यापायी सगळ्यांचेच खाली. आणि अधिकृत माणूस सभेचाच भाग असल्यामुळे त्याने सभेला प्रश्न विचारू नये. रेकॉर्डिंगला बंदी कुठं लिहिली आहे ती दाखवा म्हटलं, तर भाऊसाहेब हसून म्हणाले, "बंदी कुटं हाय? तुला तर आमी नेमलंय की."

४) १५ ऑगस्टला सभा झाली. विषय पाचवा : तळवस्तीची अंगणवाडी गावठाणात हलवण्याची शिफारस. साहेब, वस्तीवरून गावठाणात जायचं म्हणजे कारखान्याचा रस्ता, आणि ऊसतोड सुरू झाली की त्या रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून पळत असतात. त्याच्या कडंनं तीन-चार वर्षांची लेकरं चालवत न्यायची कुणी? आया तर कामावर. मी हात वर केला, तर आबा म्हणाले, "कॅमेरावाल्यानं मधी बोलू नये बाळा, आवाज घुमतो." सगळे हसले. मीपण थोडी हसले. कॅमेरा तर बंदच होता. विषय सर्वानुमते मंजूर झाला, आणि अंगणवाडीला गावठाणातली आपली खोली भाड्यानं देणाऱ्या मुकुंदशेटचा लगेच सत्कार असल्यामुळे मला "चालू कर, चालू कर" असं सांगण्यात आलं.

५) संध्याकाळी वस्तीवर नेहमीसारखी माणसं जमली. मी लावलं. दिवा, हार, हार, टाळ्या, हार. मथुराकाकूंचा नातू त्याच अंगणवाडीत आहे. त्यांनी शेवटपर्यंत बघितलं आणि मग म्हणाल्या, "आगं, ह्यात तर समदी टाळ्याच वाजवत्यात. आन् जोरात वाजवा म्हनून वरडतंय कोन? तूच का गं ती?" मीच होते. मी सांगायला लागले की मधला भाग मला घेऊच देत नाहीत, तर त्या म्हणाल्या, "मग न्हाय म्हनायचं व्हतंस," आणि उठून गेल्या. तेव्हापासून पायरीवर कुणी येत नाही. नळावर मी गेले की बायका विषय बदलतात.

६) मी सुटायचा प्रयत्न केला नाही असं नाही. राजीनामा लिहून दिला. भाऊसाहेब म्हणाले, नेमणूक सभेत झाली, तर राजीनामाही तू सभेतच मांडायला पाहिजे. सभेत मला बोलता येत नाही, म्हटलं दुसरं कुणी मांडेल. तर म्हणाले, तुझा राजीनामा दुसऱ्यानं कसा मांडायचा? नेमणुकीचा कागद मागितला, तर तसा कागदच नाही, सत्कार झाला तीच नेमणूक. मग मी शाल परत नेऊन दिली. ती आबांनी घडी घालून ठेवली आणि "लई गुणाची पोर हाय, निरोप समारंभाला हीच परत घालू," असं म्हणाले. नारळ आमच्या आईनं कधीच आमटीला वापरल्यामुळे तो परत करता येत नाही. आई म्हणते, पोरीला गावात मान मिळालाय तर गप बस की.

७) येत्या २ ऑक्टोबरच्या सभेत मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम होणार आहे. हरकत घ्यायची ती त्याच वेळी. एकदा कायम झालं की दिवाळीनंतर अंगणवाडी गावात. तरी त्यापूर्वी आपल्याकडून लेखी आदेश व्हावेत की, सदर अर्जदार कुठल्याही पदावर नाही, तिला बोलू द्यावे, आणि कुणाही ग्रामस्थाला सभा पहिल्यापासून शेवटपर्यंत रेकॉर्ड करता यावी, त्यासाठी कुणाची नेमणूक लागू नये. आपण स्वतः सभेला आलात तर फारच उपकार होतील. फक्त कळवून येऊ नका. कळवून आलात तर आपला सत्कार होईल, आणि तो मलाच शूट करावा लागेल.

८) आदेश वेळेत न आल्यास काय होईल हेही आधीच कळवून ठेवते. इतिवृत्तातला पाचवा विषय वाचला जाईल, मला "बंद कर" म्हणतील, आणि मी बंद करणार नाही. मोबाईल हातात चालू ठेवूनच मी हरकत घेणार आहे, आवाज घुमला तर घुमू दे. त्याबद्दल माझ्यावर जी काय कारवाई करायची ती खुशाल करावी. फक्त ती अधिकृत चित्रीकरणकार म्हणून न करता साधी ग्रामस्थ म्हणून करावी, एवढीच हात जोडून विनंती.

आपल्या उत्तराची वाट बघणारी,

(सही)
ऋतुजा धोंडीराम सलगर

सोबत : तळवस्ती अंगणवाडीतील लेकरांच्या पालकांच्या सह्या व अंगठे, एक पान. (मथुराकाकूंचा अंगठा अजून बाकी आहे. त्या म्हणाल्या, "आदी बोलून दाव, मग देते.")