यांच्या नावावर छापलेलं पत्र

तीर्थरूप वन्संना वहिनीचा नमस्कार.

पाकीट उघडताच पहिल्या पानावर तुमच्या भावाचं नाव दिसेल. दचकू नका, पत्र माझंच आहे. ते पान कुठून आलं हे पुढे सांगते, पण आधी तुमचे गुडघे कसे आहेत ते कळवा. तुम्ही जिना पाठमोऱ्या उतरता असं सूनबाई फोनवर म्हणाली. तसं करू नका, खालून बघणाऱ्याला वाटतं तुम्ही वर चाललात आणि तो वाट सोडत नाही. माझी तब्येत बरी आहे. झोप येते, पण टेकते न टेकते तोच उठून जाते (कंटाळवाण्या पाहुण्यांनी असं करावं, झोपेने नाही).

आता ऑफिसातला घोळ. यांचं काम तुम्हाला ठाऊकच आहे. मालवाहतूक कंपनीतले सगळे प्रिंटर यांच्या ताब्यात. शाई भरायची, अडकलेला कागद ओढून काढायचा, आणि ओढताना त्या यंत्राची समजूत घालायची (घरी माझी कधी घातली नाही, पण ते असो). हे गेल्यावर साहेबांनी मला तिथेच पाठवणी विभागात घेतलं. ट्रकसोबत जायचे कागद छापून ड्रायव्हरच्या हातात द्यायचे, एवढंच काम. पण छापायला नाव लागतं. कोण किती कागद नासतं हे बघायला कंपनीने एक सॉफ्टवेअर घेतलंय, आणि त्याचं लायसन्स माणसागणिक असतं. जेवढी नावं विकत घेतली तेवढ्यांनीच छापायचं. शिवाय दर छपाईच्या आधी ते एक जादा पान काढतं, त्यावर छापणाऱ्याचं नाव, म्हणजे हा कागद कोणाचा यावरून भांडणं नकोत. मी लागले तेव्हा सगळी नावं भरलेली होती. साहेब म्हणाले, तात्पुरतं यांच्याच नावावर चालवा. ते तात्पुरतं आजवर चालू आहे.

म्हणजे असं की आयुष्यभर मी यांना 'अहो' म्हणत आले, नावाने कधी हाक मारली नाही, आणि आता दिवसभर यांचं नाव प्रिंटरमधून बाहेर पडतं. उचललं की अजून गरम असतं. पहिले काही दिवस मला ते बघवत नव्हतं. नंतर बघितल्याशिवाय राहवेना.

गेल्या महिन्यात मुख्य ऑफिसातून यांच्या नावाने पत्र आलं. सर्वांत जास्त कागद आपण वापरता, ही उधळपट्टी आहे, तरी समक्ष हजर राहून खुलासा करावा. साहेबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि परत वाचलं. हिशेबनीस खिडकीबाहेर बघत राहिले. शेवटी मीच म्हटलं की हजर राहण्याचं काही मी सांगू शकत नाही, यांना जिवंतपणीसुद्धा वेळेवर कुठे नेता आलं नव्हतं. कोणी हसलं नाही. हल्ली मी विनोद केला की लोक माझ्याकडे काळजीने बघतात.

मग ठरलं की यावर एकदाचा निर्णय घ्यावा. एक तर लायसन्स वाढवायचं, म्हणजे यांचं नाव राहील आणि मला माझं वेगळं मिळेल. नाही तर यांचं काढून त्या जागी माझं घालायचं. साहेबांनी ते माझ्यावरच सोपवलं. काकू, तुम्ही वापरता, तुम्हीच लिहून द्या. अवघड गोष्ट माझ्यापुढे सरकवून द्यायची माणसांना सवय झाली आहे.

करारनामा मी घरी नेला. तुम्हाला माहीत आहे मी वाचायला कशी शिकले. ऑफिसातले बिघडलेले कागद हे घरी आणायचे आणि संध्याकाळी मी त्यांवरून बोट फिरवायची. अर्धवट छापलेल्या कागदांवर शिकल्यामुळे अजूनही वाक्य पूर्ण झालं की मला जरा आश्चर्य वाटतं. तर या करारनाम्यात वाक्यं पूर्ण होती, पण सुरू कुठे झाली ते कळत नव्हतं. एकच कलम नीट समजलं: नाव ज्याचं आहे त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणी ते वापरू नये. बायकोचा उल्लेख नव्हता. मी मागच्या बाजूलाही बघितलं.

नंतर सॉफ्टवेअरवाल्या कंपनीचा माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, तोंडात सतत हसू. नावं पंचवीस-पंचवीसच्या गठ्ठ्यातच मिळतात म्हणाला, सुटं एक मिळत नाही. पडद्यावर रंगीत उभ्या पट्ट्या दाखवल्या. त्यांतली एक बाकी सगळ्यांच्या डोक्यावरून वर गेलेली. हे बघा, म्हणाला, हे सर तर तुमचे सगळ्यांत ॲक्टिव्ह. असा एक माणूस असला तरी मोठं लायसन्स परवडतं. सरांना भेटता येईल का? मी म्हटलं, बाहेर गेलेत. तो म्हणाला, हरकत नाही, मी थांबतो. आणि थांबला हो, वन्सं. दोन चहा होईपर्यंत थांबला. मला मनातून त्याचा राग यायला हवा होता, पण यांची वाट बघणारं आणखी कोणी तरी आहे याचं मला बरंच वाटलं.

तो गेल्यावर हिशेबनीस माझ्या टेबलाशी आले. माणूस तोंडाने तिखट, पण त्या दिवशी आवाज खाली होता. काकू, एका ट्रकचे कागद तुम्ही एकदम का नाही छापत? एकेक पान वेगळं का पाठवता? एकेक पान वेगळं पाठवलं की दर पानाआधी यांचं नाव येतं, हे त्यांना कळलं होतं. एका ट्रकला आठ कागद लागतात.

मी लिहून दिलं: लायसन्स वाढवू नये. एका माणसासाठी पंचवीस नावं घ्यायची आणि चोवीस रिकामी ठेवायची हे बरोबर दिसत नाही. आमच्या घरात एका माणसाची जागा रिकामी आहे तेवढी पुरे आहे.

आज संगणक सांभाळणाऱ्या बाई बसल्या आणि म्हणाल्या, कुठलं नाव काढू? मी म्हटलं, यांचं. त्या म्हणाल्या, यांचं म्हणजे कोणाचं, काकू? नवीन आहेत, त्यांना काय माहीत. मग मी नाव घेतलं. मोठ्याने, आडनावासकट. संसारात कधी घेतलं नव्हतं, ते घेतलं तेही खोडायला. पडद्यावर प्रश्न आला, हे नाव कायमचं काढायचं का? हो किंवा नाही. दवाखान्यात मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, उद्या काढा, मला एक पत्र छापायचं आहे.

तेच हे पत्र. तुमच्या भावाच्या नावावरची शेवटची छपाई. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि जिना सरळ उतरा.

तुमची,
वहिनी

ता. क. हे पेनाने लिहितेय, कारण आज सकाळी नाव काढलं. लगेच माझं घातलं. पहिलं पान आलं ते पाहिलं, तर माझं नाव आणि पुढे थेट आडनाव. मधे यांचं नाव नाही. बाई म्हणाल्या, काकू, यात दोनच चौकोन असतात, मधल्या नावाला जागा नाही. तेव्हा एक मागणं आहे, खरं तर त्यासाठीच पत्र लिहायला घेतलं. हे गेल्यापासून तुम्ही पाकिटावर माझं नाव आणि आडनाव तेवढं लिहिता. मला वाईट वाटू नये म्हणून लिहीत असाल. यापुढे पूर्ण लिहा. मधलं नाव जरा मोठ्या अक्षरात लिहिलंत तरी चालेल.

आणखी एक. ते पहिलं पान टाकून देऊ नका. दिलंत तरी वाईट वाटून घेऊ नका, मी दोन प्रती काढून ठेवल्या आहेत. उधळपट्टी म्हणून खुलासा मागितलाच, तर तो यांच्याकडे मागतील.