चितेगावची मागील आस

मी, रामकिसन कडूबा औताडे, वय एकोणपन्नास, धंदा पिकअपवर टाकी बांधून पाणी पोहोचवणे, राहणार पडेगाव, छत्रपती संभाजीनगर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. दडपण नाही हे कायद्यापुरते खरे आहे. पत्नी समोर बसून शेंगा फोडत आहे आणि प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायला लावत आहे. तब्येत चांगली आहे. देवाच्या मनात काय आहे ते देव जाणे. मी त्याला घाई करत नाही.

गेल्या महिन्यात केलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द केले आहे. ते कोठे सापडल्यास कोणी वाचू नये. वाचल्यास सुरेखाच्या देखत हसू नये.

कलम पहिले. पडेगावची दोन खोल्यांची जागा, पुढचे पत्र्याचे शेड आणि देव्हारा माझ्या पश्चात पत्नी सुरेखा हिचा. वडिलांचे वावर आता उरलेले नाही. तिथे 'सरोवर हाइट्स' नावाच्या इमारती झाल्या असून त्यांच्या नळाला पाणी येत नाही. आमची विहीर ज्या जागी होती, त्याच जागी मी टाकीने पाणी नेऊन ओततो. याबद्दल देवाशी एकदा बोलायचे आहे, पण ते समक्ष.

कलम दुसरे. पतसंस्थेतली ठेव मुलगा शिवराज याची. तो चिकलठाण्याला कंपनीत आहे. या पैशाची त्याने मोटारसायकल घेऊ नये अशी माझी इच्छा आहे. तो घेणार, हे मला माहीत आहे. तेव्हा हेल्मेटही घ्यावे.

कलम तिसरे, हत्यारे. पान्यांचा संच शिवराजचा. मोठा जॅक मेहुणे साहेबराव यांनी नेलेला आहे. विचारले की म्हणतात, "कोणता जॅक, दाजी?" त्या जॅकचा दांडा मात्र माझ्या शेडमध्येच राहिला आहे. तो त्यांना सर्वांसमक्ष देण्यात यावा. दांडा घेताना त्यांना जॅक आठवला, तर तो शिवराजने तिथेच मागून घ्यावा.

कलम चौथे, गाडी. हे कलम थोडे लांबेल.

ही पिकअप मी तेरा सालच्या दुष्काळात एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतली. तेव्हाच ती जुनी होती. पण तिच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो, म्हणून जिथे रस्ता होण्याआधी माणसे राहायला आली आहेत, अशा वसाहतींत भरली टाकी घेऊन तीच जाऊ शकते. या उन्हाळ्यात दौलताबादच्या उतारावर तिचा मागचा अ‍ॅक्सल मोडला. अ‍ॅक्सल म्हणजे दोन्ही चाकांना धरून ठेवणारे आडवे लोखंड. मागचे डावे चाक सुटले आणि मला ओलांडून पुढे निघून गेले. ते बाभळीला टेकून थांबले, मी चिंचेला. आपलेच चाक आपल्या पुढे गेलेले पाहिले की माणसाला मृत्युपत्र सुचते.

तसाच दुसरा अ‍ॅक्सल चितेगावला आवडाबाईंच्या भंगारच्या आवारात मिळाला. त्यांनी तो माझ्यासाठी बाजूला काढून ठेवला. तो आणण्याआधी मी मुकुंदराव पाटोदकरांकडे गेलो. ते न्यायालयातून निवृत्त झाले आहेत आणि माझ्या पाण्याचे जुने गिऱ्हाईक आहेत. ते म्हणाले, मृत्युपत्रात इंग्रजी शब्द चालायचा नाही, तुमच्याकडे याला काय म्हणतात? मी सांगितले, आस. बैलगाडीचा आस. गावच्या शाळेत गुरुजींनी पृथ्वीचाही आसच शिकवला होता.

मुकुंदरावांनी चष्मा वर केला. "आस स्त्रीलिंगी आहे, रामकिसन."

"आमच्याकडं पुल्लिंगी हाय, साहेब."

"आस लागते. लागतो नव्हे."

शिकलेल्या माणसाशी व्याकरणावर भांडू नये, असे आमचे वडील सांगत. तेव्हा आस स्त्रीलिंगी झाली. 'मागचा' हा शब्द त्यांना गावंढळ वाटला, म्हणून 'मागील' झाला. पिकअपला शुद्ध शब्द सापडेना, म्हणून तिचा उल्लेखच गळाला. शेवटी कागदावर उतरले ते असे:

"माझी मागील आस चितेगाव येथे आवडाबाई यांचे आवारात पडून आहे. ती जुनी असली तरी मजबूत आहे. गंज वरवरचा आहे. माझ्या हयातीत तिला घरी आणणे न जमल्यास माझ्या पश्चात पत्नीने तिला सन्मानाने आणून योग्य जागी बसवावे."

हा कागद मी देवाच्या आसनाखाली ठेवला. शनिवारी सुरेखाने देव धुवायला काढले.

त्या दिवसापासून तिने माझ्याशी बोलणे बंद केले. मला सांगायचे ते ती भांड्यांना सांगू लागली. "हंड्या, सांग त्यांला, टाकी धुवायची राहिली." मला वाटले, उन्हाळा लागला. पण शिवराजने दबक्या आवाजात विचारले, "बाबा, चितेगावला कोण हाय?" तेव्हा उलगडा झाला. मी शपथेवर सगळे सांगितले. सुरेखाने ताटाला सांगितले, "म्हणावं, दाखवा."

टेम्पो करून आम्ही चितेगावला गेलो. आवडाबाई सत्तरीच्या पुढच्या, भंगारात खाट टाकून तंबाखू मळत बसलेल्या. सुरेखाने त्यांना खालीवर पाहिले आणि आवडाबाई त्या तुम्हीच का, असे विचारले.

"व्हय. का, आवडले नाय?"

सुरेखाने कागद काढून त्यांना वाचून दाखवला. आवडाबाई इतक्या हसल्या की हातातला तंबाखू सांडला. "तुझी सवत त्या लिंबाखाली पडलीय, बाई. ने उचलून. तेल लई गळतं तिचं, लुगडं जप."

आता मिटले, असे मला वाटले. पण सुरेखा हसली नाही. परतताना ती टेम्पोत मागे वळून त्या अ‍ॅक्सललाच म्हणाली, "ऐक गं. तुला सन्मानानं. तुला योग्य जागी. तुझा गंज बी वरवरचा. अन् इतकी वर्षं भाकरी थापणारीला नुसतं 'पत्नीनं'. नाव बी नाय."

कागद तिने बरोबर वाचला होता.

शिवराजच्या सुट्टीत आम्ही दोघांनी जॅक नसल्याने पहारीने गाडी उचलून खाली विटा रचल्या, मोडका अ‍ॅक्सल काढला, नवा चढवला. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला आणि ब्रेकमधली हवा काढायची राहिली. हे एकट्याचे काम नाही. एकाने वर बसून ब्रेकचा पायडल दाबून धरायचा, दुसऱ्याने खाली चाकाजवळचा बारीक नट सैल करून हवा जाऊ द्यायची आणि परत आवळायचा. वरच्याने मध्येच पाय उचलला तर हवा पुन्हा आत जाते आणि पुढच्या उतारावर गाडी थांबत नाही. म्हणून वरच्याने प्रत्येक वेळी तोंडाने सांगावे लागते. मुक्याने ब्रेकमधली हवा निघत नाही.

सुरेखा न बोलता वर जाऊन बसली. मी गाडीखाली शिरलो.

"दाब," मी म्हणालो.

वरून सांगणे येईपर्यंत मी पान्याला हात लावला नाही. मग आवाज आला.

"पत्नीनं दाबलंय."

मी नट सैल केला, आवळला, सोड म्हणालो. पत्नीने सोडले. असे दोन-तीनदा झाले. पाठीखाली तापलेली माती होती, छातीवर विटांवर तोललेली गाडी होती, आणि माझा जीव त्या वेळी तिच्या एका पायावर होता. मी तिला लग्नापासून 'अगं' म्हणत आलो. आमच्याकडे तशीच रीत आहे. त्या दिवशी मात्र म्हणालो, "सुरेखा, दाब."

पायडल खाली गेला. मी पाना नटावर नुसता टेकवून धरला.

"दाबलंय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "सोडू, का अशीच धरून बसू?"

"धर," मी म्हणालो. नट केव्हाच आवळून झाला होता.

चाके चढवली, विटा काढल्या. मी हात धुऊन आलो तरी ती जागेवरून उठली नव्हती. माहेरी तिने भावांच्या आधी ट्रॅक्टर चालवला होता, हे मी लग्नात ऐकले होते आणि विसरलो होतो. तिने किल्ली मागितली. मी म्हणालो, गाडी जुनी आहे, भारी आहे, मी शेजारी बसून शिकवतो. ती म्हणाली, "बसा. शिकवू नका."

तेव्हापासून टाकी तीच नेते. सरोवर हाइट्सच्या बाया आता माझ्याऐवजी तिलाच फोन करतात. माझ्याकडे नळी धरण्याचे काम आहे. उतार आला की ती समोर पाहत म्हणते, "घ्या देवाचं नाव." मी घेतो.

सबब सदर गाडी माझ्या हयातीतच सुरेखा रामकिसन औताडे हिची झालेली असून ती माझ्या मिळकतीत धरू नये. ती कोणाला द्यायची हे मला विचारण्यात येऊ नये.

हे सर्व सुरेखाला वाचून दाखवले. तिला साक्षीदार म्हणून सही करायची होती. मुकुंदरावांनी समजावले की ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, उद्या घरावर वाद निघेल. ती म्हणाली, मग सही राहू द्या. फक्त माझे नाव जिथे येईल तिथे ठळक काढा.

लिहून ठेवणार : रामकिसन कडूबा औताडे (सही)

साक्षीदार :
१. मुकुंद गोविंद पाटोदकर (सही, आस या शब्दाच्या लिंगाबाबत आपले मत राखून)
२. आवडाबाई भ्र. कै. पुंडलिक गोर्डे, चितेगाव (निशाणी डावा अंगठा, शाईऐवजी गाडीचे तेल लागले आहे, तरी ग्राह्य धरावे)

ठिकाण : पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
बुधवार, दि. २२ मे २०२४