साडेसहाची मेणबत्ती

१२ जानेवारी
बायको कौसल्या गेली, तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीसाठी आलेली ममता आज नांदेडला परत गेली. जाताना पुन्हा तेच. बाबा, एकटे राहू नका, आमच्याकडे चला. मी ठीक आहे हे लेकीला पटत नाही.

कौसल्या रोज संध्याकाळी साडेसहाला बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायची. मी लावून विसरेन, घर पेटेल, म्हणून ममताने तिथे बॅटरीची मेणबत्ती ठेवली. उजेड पांढराफटक. कौसल्या घरातल्या ट्यूबलाइटलाच नावं ठेवायची. म्हणायची, यात माणूस दवाखान्यातला दिसते.

संकल्प : ममता दोन फेब्रुवारीला येईल तोवर या उजेडात ऊब आणायची. घर उबदार दिसलं की नांदेडचा विषय संपला. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. दोन दिवसांचं काम.

१५ जानेवारी
मिठाईच्या डब्यातला पिवळा जिलेटिन कागद मेणबत्तीला गुंडाळला. शेजारचे बळीराम आले. विचारत होते, सर, भिंतीले कावीळ झाली काय. त्यांना प्रकाशशास्त्रातलं कळत नाही. कागद काढला.

१८ जानेवारी
साधा कागद चहात बुडवून वाळवला. रंग अचूक. काम संपलं.

१९ जानेवारी
मुंग्या. चहा उरलेला होता, साखरेचा.

२१ जानेवारी
बाजारातून यायला उशीर झाला. कुलूप उघडलं तर मेणबत्ती लागलेली. जाताना लावल्याचं आठवत नाही. सकाळी ती रोज बंद असते, म्हणजे झोपण्यापूर्वी मीच बंद करत असणार. तेही आठवत नाही. वय.

२३ जानेवारी
आज मुद्दाम समोर बसलो. हात मांडीवर. साडेसहाला लागली.

आमच्या घरात भूतखेत मानत नाहीत. कौसल्या तर मुळीच मानायची नाही. त्यामुळे ती असणं शक्य नाही.

२४ जानेवारी
साडेसहाला चहा दोन कप केला. आमचं पातेलं दोन कपांचंच आहे. बाकी कारण नाही.

२७ जानेवारी
यश. कौसल्याचा पाणी प्यायचा पितळी गडवा चिंचेने घासला आणि मेणबत्तीच्या मागे ठेवला. उजेड पितळेवरून वळून येतो, भिंत सोनेरी होते. तिच्या खुर्चीचीही सावली पडते. खुर्ची थोडी पुढे घेतली.

बळीराम विचारत होते, चहाच्या टपरीवरून सहा वाजले की काहून पळता. अंधारात दिसत नाही म्हणालो. ते म्हणाले, घरी कोणी वाट पाहून राह्यलं असंच वाटते. मी हसलो नाही.

२ फेब्रुवारी
ममता आली. घर पाहून खूश झाली. दिवाणखाना मस्त केला म्हणाली. मी योग्य वेळेची वाट पाहत होतो. साडेसहाला मेणबत्ती लागली. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

काही नाही. मोबाइल पाहत होती.

आपोआप लागली, असं मी सहज सुचवलं. तेव्हा तिने मान वर केली.

"बाबा, टायमर हाय त्याले. आईच्या टायमाले मीच बटण दाबून गेलती. रोज त्याच वेळी लागते, सहा तासांनी विझते. तुम्ही सायन्सचे सर ना?"

मला माहीत होतं म्हणालो. तुझी परीक्षा घेत होतो.

मग तिचं लक्ष कौसल्याच्या खुर्चीसमोर ठेवलेल्या दुसऱ्या कपाकडे गेलं. बराच वेळ तिकडेच पाहत होती. तोच कप उचलून थंड चहा प्यायली. नांदेडचा विषय निघाला नाही. योजना यशस्वी.

८ फेब्रुवारी
काल सेल संपले. आज दुपारी साडेबाराला नवीन टाकले, बटण दाबलं. सोपं आहे.

९ फेब्रुवारी
मेणबत्ती आता दुपारी साडेबाराला लागते. उन्हात दिसत नाही. दोन्ही हातांची ओंजळ धरली तर दिसते.

फोनवर ममता म्हणाली, काही अवघड नाही बाबा, साडेसहाला एकदा बंद करून परत बटण दाबा. हो म्हणालो. पण मग मीच लावली असं होईल.

१० फेब्रुवारी
सहा तासांचा हिशेब मी केला नव्हता. बरोबर साडेसहाला विझते.

चहा उकळत होता. अंधारात थोडा वेळ थांबलो. मग ट्यूबलाइट लावली. आरशात पाहिलं.

कौसल्या बरोबर म्हणायची.