झूल घातलेली सायकल

सोमवार, संध्याकाळ. पोळ्याला आठ दिवस.

धाराशिवला दवाखान्यातून निघालो, तर रस्त्याच्या कडेला एक सायकल. हँडलला गोंडे, घुंगरमाळ, मागं कॅरिअरवर बैलाची लाल झूल. सवयीनं पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला आणि पाया पडलो. लोकांनी बघितलं असेल का?

सायकलवाला माझ्याच वयाचा. म्हणाला, "लावा हात, लाथ न्हाय मारत. बैल इकला, झूल ठिवून काय करू?"

मी विचारलं, "मग पोळ्याच्या आदल्या दिवशी खांद्याला हळद-तूप?"

"तूप चेनला. लई कुरकुर करती."

हसलो, पण बसमध्ये ती लाल झूलच डोळ्यापुढं. आमच्या झुलीची पायपुसणी करायला सकाळी मीच सुनेला हो म्हणालो होतो. म्हातारा अडगळ साठवतो असं वाटू नये म्हणून. कापली असली तर?

घरी आलो तर दारात टेकवलेल्या माझ्या जुन्या सायकलीशेजारी सून कात्री घेऊन बसलेली, झूल अजून सबंध.

म्हणालो, "कापू नको. पोळ्याला घालायची."

"कुणाच्या पाठीवर, मामा? बैल कुठंय?"

"माझ्या सायकलच्या."

आवाज जरासुद्धा कापला नाही.  तिनं कात्री ठेवली आणि झुलीचे निसटलेले आरसे शिवायला सुई ओवली.