बाबांच्या हत्याराचं नाक

रामवाडी, पेण
रविवार, १६ नोव्हेंबर १९९७

चि. नथूस दीनाताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र मिळून महिना होऊन गेला. उत्तराला उशीर झाला, त्याचं कारण पुढे येईल. नोआचा फोटो पोचला. इथून गेली तेव्हा तीन वर्षांची होती, आता पुढचे दोन दात पडलेत आणि तरी ती तोंड उघडून हसतेय, अगदी आपल्या आईसारखी. शीराला सांग, तिनं मागितलेली कोकमं आणि पोह्याचे पापड पार्सलनं पाठवतेय. पापड यंदा बाजारातले आहेत. दरवर्षी गोविंदाची मालू करून देते, पण तिच्याकडे मागायचं तोंड मला राहिलं नव्हतं.

इकडचं बाकी ठीक. सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला दहा पुरुष जमत नाहीत, सणाला अलिबागहून माणसं बोलवावी लागतात. हायवेवर ट्रक वाढलेत, त्यामुळे लेथवर बारीक काम असलं की पहाटे उरकून घ्यावं लागतं, नाहीतर जमिनीची थरथर जॉबवर उमटते. माझे गुडघे दुखतात. चष्म्याचा नंबर वाढलाय.

तू लिहिलंस की तिकडे इस्रायलात अश्दोदच्या एका टूलरूममध्ये जागा आहे आणि त्यांना वर्कशॉपचा दाखला हवाय, सगळ्या प्रकारचं टर्निंग स्वतंत्रपणे करतो असा. मला आनंद झाला होता. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की झाला नसेल. पत्र वाचलं आणि शिक्का काढायला मी लगेच बाबांची पेटी उघडली.

पेटीची किल्ली दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाच्या पवित्र डबीमागच्या खिळ्याला असते, हे तुला आणि मलाच माहीत. बाबा गेल्यापासून सहा वर्षांत मी ती शिक्क्यासाठीच उघडत आले. तो वरच्या कप्प्यात असतो. या वेळी शाईची डबी खाली घरंगळली, म्हणून खालचा कप्पा काढला. तिथे बाबांची हत्यारं, तेलाच्या फडक्यात, एकेक वेगळं गुंडाळलेलं. एक फडकं मात्र उलट बाजूनं गुंडाळलं होतं. बाबा तसं कधी गुंडाळत नसत.

आत कोपऱ्याचं हत्यार होतं.

तुला आठवत असेल. शाफ्टची जाडी जिथे एकदम कमी होते त्या पायरीच्या कोपऱ्यासाठी ते बाबांनी घासलं होतं. नाक गोल, ऑइल स्टोनवर दोन दिवस फिरवून काढलेलं. तू पहिल्यांदा विचारलंस, कोपरा काटकोनात छान दिसतो तर गोल कशाला ठेवायचा? तेव्हा बाबांनी खाकी कागदाला कात्रीनं एक काटकोनी खाच पाडली आणि एक गोल, आणि तुला ओढायला लावलं. कागद टोकदार खाचेतून फाटला. बाबा म्हणाले, पोलाद पण असंच फाटतं, फक्त त्याला वेळ लागतो. तू तेव्हा बारा वर्षांचा होतास. मी शेजारी उभी होते.

त्या हत्याराचं नाक कुणीतरी ग्राइंडरवर घासून टोकदार केलं होतं. घाईत. पाणी न लावता केलं असणार, कडेला निळा डाग पडलाय.

आता जूनमधलं परत सांगते. तुला माहीत आहे, पण मी फोनवर घाईत सांगितलं होतं. रोह्याशेजारी धाटावच्या एका कंपनीत आपण ९४ साली दिलेल्या आठ शाफ्टांपैकी एक चालत्या पंपात तुटला. गरम द्रावण उडालं. जगन नावाचा ऑपरेटर समोर होता. मानेपासून कोपरापर्यंत भाजला. दोन महिने इस्पितळात होता, अजून त्याचा हात पुरता वर जात नाही. कंपनीनं तुटका शाफ्ट माझ्यापुढे ठेवला. तुटल्या जागी शिंपल्यावर असतात तशा एकापुढे एक रेघा होत्या, कोपऱ्यापासून सुरू होऊन मध्यापर्यंत आलेल्या. म्हणजे चीर पहिल्यापासून वाढत होती, रोज थोडी. बाकीचे सात मी उतरवून आणले. सातही कोपरे सुरीसारखे. तीन शाफ्टांना चीर गेली होती.

तपासणीच्या कागदावर सही माझी. मी प्रत्येक शाफ्टची जाडी मायक्रोमीटरनं मोजली होती, मिलिमीटरच्या दोन शतांशाचाही फरक नव्हता. कोपरे पाहिले नाहीत. घरच्या मशीनवरून आलेलं काम, कोपरा काय बघायचा, असं वाटलं. ही माझी चूक, ती मी कंपनीत कबूल केली.

मग एसटीडी बूथवरून तुला विचारलं, ते आठ फिनिश कुणी केले होते? तू म्हणालास, "गोविंदानं. मी व्हिसासाठी मुंबईत होतो. त्याला मी कोपऱ्याचं बजावलं होतं."

तू क्षणभरही थांबला नाहीस. म्हणून मला शंका आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी ते सात शाफ्ट गोविंदापुढे मांडले. सव्वीस वर्षं आपल्याकडे असलेला माणूस. त्यानं नखानं एक कोपरा चाचपला, आणि माझ्याकडे पाहिलं.

"दीनाबाय, हे मी केलं असं वाटतंय तुला?"

"नथू खोटं कशाला बोलेल?"

त्यानं आपली हत्यारं फडक्यात बांधली, मशीन पुसलं, त्यावर कापड घातलं आणि गेला. टर्नर निघाला की त्याची हत्यारं त्याच्याबरोबर जातात, ही बाबांच्या दुकानाची रीत. बाबांची हत्यारं बाबांनंतर त्यानं कधी हातात घेतली नाहीत. हेच मला त्या दिवशी आठवायला हवं होतं.

महिन्यापूर्वी पेटीतलं ते हत्यार मी तुटक्या शाफ्टच्या कोपऱ्यात टेकवून पाहिलं. कुलपात किल्ली बसावी तसं बसलं. निळ्या डागाशेजारी धारेला एक बारीक दात पडलाय, त्याची रेघ आठही शाफ्टांवर आहे.

तरीही मी तुझ्या बाजूनं कारणं शोधत राहिले. चार दिवस. मग शेजारच्या इंदुबाईंना सहज विचारावं तसं विचारलं, की नथू जायच्या आधी, जानेवारीत, मी अलिबागला मावशीकडे होते तेव्हाचं काही आठवतं का? त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आठवायला काय झालं? शनवारी मशीन चालत व्हती गो तुमची. मी ह्यांना म्हटलं, बाप गेला नि शनवार पण गेला."

२२ जानेवारी ९४, शब्बाथ. शुक्रवारी सूर्य कलला की बाबा मशीनवर कापड घालायचे, ते रविवारीच निघायचं. गोविंदा शनिवारी शेतावर असायचा, त्याला यायचं कारणच नव्हतं. तू मुंबईत नव्हतास. बेअरिंग पायरीला टेकत नसणार, गोलाई जरा जास्त झाली असणार. नवं नाक घासायचं तर अर्धा दिवस. सोमवारी माल द्यायचा होता, आणि तुझ्या डोक्यात विमान. नाक टोकदार केलं की बेअरिंग चटकन बसतं. नथू, हे मी समजू शकते. घाई मी समजू शकते. फोनवरचं ते उत्तर मला समजत नाही. तू जाण्याआधी आपण नवसाचा मलिदा केला, त्याच्या ताटातले पोहे मालूनं घरच्या भाताचे कांडून आणले होते. गोविंदा तुझ्या शेजारी बसून जेवला.

त्याच्याकडे जायचा धीर व्हायला तीन आठवडे गेले. या मंगळवारी मी डोलवीला गोविंदाकडे गेले. पोलादाच्या कारखान्यात तो ठेकेदाराकडे भंगार उचलतो. धाटावपासून इथपर्यंत सगळीकडे पोचलं होतं की जगन ज्याच्या हातानं भाजला तो हाच, त्यामुळे कुणी मशीनवर उभं करत नाही. जेवणाच्या सुट्टीत गेटबाहेर आला. मी सगळं सांगितलं. त्यानं डबा उघडला, बंद केला.

"म्हायती होतं," म्हणाला. "तुझ्या भावाचा हात मी वळखत नाय? हँडल धरायला मीच शिकवलं त्याला."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू फोन कुणाला केला असतास?"

नथू, तुलाच केला असता.

परत ये म्हटलं. तो म्हणाला, आधी जगनकडे चल. दोघं एसटीनं रोह्याला गेलो. जगन ओट्यावर बसून डाव्या हातानं चहा पीत होता. मी तुझं नाव घेऊन सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि गोविंदाला म्हणाला, "म्हंजे तुला आता शिव्या द्यायच्या नाय. पाच म्हयने दिल्या रं. आता कुणाला देऊ? तो तर समुद्रापार हाय." गोविंदा हसला. मला हसता आलं नाही.

कंपनीलाही लेखी कळवलंय, तुझ्या नावानिशी. त्यांचं काम बहुतेक जाईल. गोविंदा उद्यापासून येतोय. बाबांचं हत्यार मी त्याच्या हातात दिलं, म्हटलं, नाक पहिल्यासारखं करून दे. त्यानं बोट फिरवून पाहिलं आणि परत दिलं. "शेठच्या हत्याराला मी दगड लावणार नाय. ज्यानं घासलं त्यानंच नीट करावं."

म्हणून ते पार्सलमध्ये आहे, पापडांच्या खाली. जपून काढ, धार आहे.

दाखला सोबत जोडलाय. इंग्रजीत टाईप करून घेतला, बाबांचा शिक्का मारला. त्यात एक शब्द खोटा नाही आणि तुला नोकरी मिळावी असंच मला वाटतं. मराठीत तो असा:

"श्री. नथानियल इझिकेल पेणकर यांनी या वर्कशॉपमध्ये चौदा वर्षे टर्नर म्हणून काम केले. सर्व प्रकारचे टर्निंग ते स्वतंत्रपणे करतात. शाफ्टच्या कोपऱ्याला गोलाई का ठेवतात, हे त्यांना वयाच्या बाराव्या वर्षापासून माहीत आहे."

कोपरे पाहून सही केली आहे.

दीना