सातव्या चित्राची परवानगी

९ ऑक्टोबर

प्रिय बारक्या,

सलाम. तू बरा असशील, तब्येत सांभाळून असशील, असं धरून चालते. मीही बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण चाळिशी आली, तो तरी किती दिवस गप्प बसणार? कामावर जाते, येते, जेवते, झोपते. झोप अगदी वेळेवर लागते, त्याचंच मला नवल वाटतं.

तू घर बदललंस की कार्ड टाकतोस, ते मिळतं. नुसता पत्ता, बाकी एक अक्षर नाही. अकरा वर्षांत पाच कार्डं. सगळी ठेवलीत. स्वभाव काही बदलला नाही तुझा, पठ्ठ्या.

पत्राला कारण आहे. काम आहे म्हण. सोबत एक फॉर्म जोडलाय.

शाळांसाठी आपल्या घराचे फोटो काढून चित्रसंच केला होता, आठवतो ना? ‘मुस्लिम घरातला एक दिवस’. बारा चित्रं, प्रत्येकाच्या मागे मुलांसाठी प्रश्न. तू नऊ वर्षांचा होतास, मी सतरा. अम्मीनं दोन दिवस खपून घर लख्ख केलं आणि फोटोवाला म्हणाला, जरा पसारा करा, खरं वाटत नाही. अम्मी आठवडाभर धुसफुसत होती.

तो संच ज्या केंद्रानं काढला, तिथेच मी आता नोकरी करते. तुला माहीत नसेल, सहा वर्षं झाली. शाळा आमच्याकडून पेटी नेतात. पेटीत ही चित्रं, नमाजाची चटई, मण्यांची तस्बीह, टोपी आणि शिक्षकांसाठी पुस्तिका. पेटी परत आली की मी यादी घेऊन तपासायला बसते. तस्बीहचे मणी मोजावे लागतात, कारण मुलं एखादा लंपास करतात. चित्रांवरचे बोटांचे ठसे ओल्या फडक्यानं पुसते. सगळ्यात जास्त ठसे सातव्या चित्रावर असतात.

सातवं म्हणजे तू आणि अब्बा. दोघं नमाजाला उभे आहात, अब्बांची नजर खाली आणि तुझी थेट कॅमेऱ्यात. मागे प्रश्न आहे, ‘हा मुलगा काय विचार करत असेल?’ बावीस वर्षं झाली, शाळाशाळांतली मुलं उत्तरं लिहितायत. ‘त्याला भूक लागली आहे.’ ‘त्याला शू लागली आहे.’ गेल्या महिन्यात एका मुलीनं लिहिलं, ‘मला काय माहीत, त्यालाच विचारा ना.’ मोठ्या बाई, म्हणजे आमच्या केंद्रप्रमुख, पोट धरून हसल्या. मी तो कागद फाइलला लावला.

शनिवारी केंद्रात ओळखीचा कार्यक्रम असतो. आसपासचे लोक येतात, चहा घेतात, आम्हाला मनात येईल ते विचारतात. रोज पहाटे उठायचा कंटाळा नाही येत? घरातसुद्धा डोकं झाकता? माझी उत्तरं तोंडपाठ आहेत. सातव्या चित्रापाशी कुणीतरी हमखास विचारतं, हा मुलगा आता कुठे असतो हो? मी सांगते, वडिलांजवळच असतो. लोकांना बरं वाटतं. सहा वर्षं मी हेच सांगतेय, एकदाही जीभ अडखळली नाही.

तर काम असं की संच फिका पडलाय, नव्यानं छापायचाय. नियम आता बदललेत. चित्रात दिसणाऱ्या प्रत्येकाची ताजी सही हवी. लहानपणी तुझ्या वतीनं अब्बांनी केली होती, आता तुझी तूच करायची. फॉर्मवर ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन आहेत. तू ‘नाही’ म्हणालास तर सातवं चित्र जाईल. तुला कापून एकट्या अब्बांना छापता येणार नाही, ते मी विचारून घेतलंय. महिनाअखेरपर्यंत कळव.

अम्मीच्या जागी मी सही केली. माणूस हयात नसेल तर जवळच्या नातेवाइकानं करायची असते. अब्बांनी स्वतःची स्वतः केली, जूनमध्ये, हॉस्पिटलच्या खाटेवर, ताटावर कागद ठेवून. परवा मोठ्या बाईंनी विचारलं, ‘यांच्या सहीवर जूनची तारीख आहे, चालेल ना?’ मी म्हटलं, चालेल, तेव्हा होते.

बारक्या, अब्बा तीन ऑगस्टला गेले.

त्याच दिवशी दफन झालं. मी तुला कळवलं नाही. जनाज्याच्या नमाजाला पुढे उभं राहायला मुलगा नव्हता, केंद्राची गाडी चालवणारे काका उभे राहिले. तिसऱ्या दिवशी मी कामावर गेले. एका शाळेची पेटी आली होती. मणी मोजले, तेहतीसच्या तेहतीस भरले. तेव्हापासून रडू येईल म्हणून वाट बघतेय. मेलं येतच नाही.

एवढंच असतं तर लिहून मोकळी झाले असते.

सही करायच्या दिवशी अब्बांनी सातवं चित्र हातात घेतलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. मग म्हणाले, ‘कागद घे.’ तुझ्यासाठी दोन ओळी सांगितल्या. मी उतरवून घेतल्या, पाकिटात घातल्या, पाकिटावर तुझा पत्ता घातला. पोस्टात टाकलं नाही.

का, ते सांगते. सारवासारव करत नाही. मला राग आला होता. तू त्यांना तोंडावर सांगितलंस की तुझा विश्वास उरला नाही, नमाजाला खोटं खोटं उभा राहणार नाही. ते म्हणाले, मग माझ्या शेजारी उभा राहू नकोस. आणि तू पिशवी उचलून चालता झालास. भांडण तुम्हा दोघांचं आणि निस्तरत बसले मी. अकरा वर्षं त्यांची औषधं, त्यांची चिडचिड, मला आलेली स्थळं माघारी पाठवणं, सगळं केलं. आणि आता तू नुसता दारात उभा राहिला असतास तर त्यांच्या डोळ्यांसमोर मी उरलेच नसते. मला ते बघवलं नसतं रे. म्हटलं, चार दिवस थांबू, मग टाकू. चाराचे आठ झाले, आठाचे पंधरा.

ते रोज विचारायचे, ‘टाकलंस?’

‘टाकलं, अब्बा.’

‘मग उत्तर?’

‘येईल.’

जुलैच्या मध्यावर विचारायचे थांबले. एकदाच म्हणाले, ‘राहू दे. त्याच्या मागे लागू नकोस. राग बरोबर आहे त्याचा.’ तेव्हा तरी खरं सांगायला हवं होतं. मी पेल्यात पाणी ओतलं आणि त्यांच्या हातात दिलं.

म्हणजे तुला बोलावलं आणि तू आला नाहीस, असं समजून ते गेले. तुला बोलावलंच नव्हतं, हे मला एकटीला माहीत होतं. आता तुला माहीत झालं.

फॉर्मचं काय करायचं ते तू ठरव. ‘नाही’ आलं तरी मी एक शब्द न बोलता जमा करीन. माफ कर असं लिहीत नाही, कुठल्या तोंडानं लिहू? पण त्या दोन ओळी तुझ्या आहेत. त्यांनी सांगितल्या तशाच खाली देते, तारखेसकट.

१६ जून

बारक्या, घरी ये. नमाजाचं मी विचारणार नाही, तूही काही सांगू नकोस. नुसता शेजारी येऊन बस.

सांगणारे अब्बा,
लिहून घेणारी आपा