बाई, एक बोलू का?

जालना, ४ ऑगस्ट २०२४

ती. गिरिजाआत्यास संध्याचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. डॉक्टर झाल्यापासून माझं अक्षर मुंग्या पळाल्यासारखं झालंय म्हणतेस, म्हणून आज सावकाश, ओळीत लिहिते आहे. कानातलं मशीन तू डब्यात ठेवणार आणि फोनवर नुसतं हॅलो हॅलो करणार, तेव्हा पत्रांशिवाय मला तरी दुसरा इलाज काय?

आधी हर्नियाचं. जांघेतली गाठ आता शिंकलं तरी बाहेर येते, हे तू किती सहज लिहिलंस! तीस वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर होतीस. त्यात आतडं अडकलं तर काय होतं, ते मी तुला सांगायचं का? मोठे सर स्वतः करायला तयार आहेत, तेही तू जिथं राज्य केलंस त्याच थिएटरात. लवकर तारीख कळव.

प्रबंधासाठी माझा अभ्यास सुरू झालाय. चाकू लावण्याआधी सगळ्यांनी एक मिनिट थांबायचं, प्रत्येकानं आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं. मग पेशंटचं नाव, ऑपरेशन कुठलं, बाजू कुठली. ज्यानं एकदा तोंड उघडून नाव सांगितलं, तो पुढे काही चुकताना दिसलं तर टोकायला कचरत नाही, असं बाहेरच्या अभ्यासांत म्हटलंय. आपल्याकडे स्ट्रेचर ओढणारे, झाडलोट करणारे मामा-मावश्या सर्जनला टोकतील का, हे मला बघायचंय. पेशंटच्या संमतीनं ते मिनिट रेकॉर्ड करून मी स्वतः उतरवून घेते. पहिल्या दिवशी स्ट्रेचरवाले इब्राहीममामा नाव सांगताना नव्या नवरीसारखे लाजले.

एक विचारायचं होतं. थिएटरात आम्ही सहा जण असतो, पण रेकॉर्डिंगमध्ये आवाज सात येतात. सातवा सगळ्यांच्या शेवटी येतो. म्हणतो, मी तातेराव. बाई, एक बोलू का? मग नऊ सेकंद काही नाही. आतापर्यंत अकरा वेळा झालं. तिथं उभ्या असलेल्या कुणालाच तो ऐकू येत नाही. कुणीतरी थट्टा करतंय असं मी धरून चालले आहे. तुझ्या वेळी या नावाचं कुणी होतं का?

माया आहे तशीच असू दे.

तुझी संध्या


आष्टी, ११ ऑगस्ट २०२४

चि. संध्यास जयभीम व पुष्कळ आशीर्वाद.

अक्षर बरंच सुधारलं. शेंगदाण्याची चटणी पाठवली आहे, ती होस्टेलभर वाटत बसू नकोस. तुझ्या गळ्याची हाडं मागच्या फोटोत मोजता येत होती.

तातेराव नावाचं कुणी मला आठवत नाही. मशीन बिघडलं असेल, बदलून घे आणि ती रेकॉर्डिंगं पुसून टाक. असल्या मामाचं बोलणं कुणी कागदावर घेतं का? असलं काही अभ्यासात लिहिलंस तर लोक तुलाच हसतील.

ऑपरेशन जालन्याला नको. परभणीला बघू, नाहीतर राहू दे. माझं वय झालं, आता काय उरलंय? तू जिवाला लावून घेऊ नकोस.

पत्र पाठवत जा, तेवढाच आधार.

तुझी आत्या


जालना, २५ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास सविनय जयभीम. वि. वि.

आत्या, तुला खोटं बोलता येत नाही, निदान लिहिता तरी येत नाही. तातेराव मामा होता असं मी कुठं लिहिलं होतं?

मशीन बदललं. नव्यातही तो आहे. आता तेवीस वेळा झालं. मी हेडफोन लावून ते नऊ सेकंद पुन्हा पुन्हा ऐकले. ते रिकामे नाहीत गं. कुणीतरी दाराशी उभं राहून श्वास घेतंय, उत्तराची वाट बघतंय. आवाजात राग नाही, नुसती अदब आहे, आणि त्या अदबीचीच मला भीती वाटते. मंगळवारी मी धीर करून त्या शांततेत मोठ्यानं म्हटलं की बोला. खोलीवर येऊन ऐकलं तर माझ्या बोलण्यानंतर त्यानं पुन्हा तेच विचारलं होतं. म्हणजे त्याला माझी परवानगी नकोय.

इब्राहीममामांना नाव सांगितलं तर त्यांनी हातातली बादली खाली ठेवली. म्हणाले, मॅडम, ते नाव इथं नका घेऊ, ते येऊन राह्यलेत हे मला बराबर माहीत हाय. स्ट्रेचर रात्री भिंतीला लावून गेलं तरी सकाळी थिएटरच्या दाराशी येऊन लागलेलं असतं म्हणे. मी हसले नाही. हल्ली ते मिनिट सुरू झालं की माझीच नजर दाराकडे जाते आणि हात गार पडतात. सर्जनचे हात असे गार पडून कसं चालेल?

या थिएटरात बाई म्हणून फक्त तुलाच हाक मारत ना? आत्या, तो तुलाच विचारतोय. खरं काय ते मला लिही. आणि गाठ कशी आहे तेही लिही.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

संध्या


आष्टी, १ सप्टेंबर २०२४

चि. संध्यास अनेक आशीर्वाद.

मी खोटं लिहिलं. तातेराव आपल्या थिएटरचा स्ट्रेचर ओढणारा मामा, जांब समर्थचा.

२००८ साली टेंभुर्णीची आसिफा नावाची पोरगी आली, एकोणीस वर्षांची. तिची एक किडनी पार खराब झाली होती, ती काढायची होती. एक्स-रेची फिल्म काचेवर मी लावली, घाईत, आणि उलटी लागली. सर, तुमचे आताचे मोठे सरच, ती फिल्म बघूनच तयारीला लागले. पोरीला टेबलावर घेताना तातेरावचा हात तिच्या डाव्या कुशीला लागला, तशी ती कळवळली आणि तिनं तो हात बाजूला सारला. तिला भूल दिली, आणि चिरायला उजवी कूस वर करून ठेवलेली त्यानं बघितली. दाराशी उभं राहून त्यानं मला विचारलं, बाई, एक बोलू का?

मी नुकती इन्चार्ज झाले होते. सर घाईत होते. मामानं सगळ्यांदेखत तोंड उघडावं हे मला खपलं नाही. तुझं काम झालं, बाहेर हो, असं मी म्हणाले. तो गेला. पोरीची उजवी, चांगली किडनी निघाली. बाराव्या दिवशी ती गेली.

चौकशी झाली तेव्हा फिल्म तातेरावनं लावली असं मी लिहून दिलं. सरांनी ते खरं मानलं. त्याची नोकरी गेली. त्यानं हाय खाल्ली, वर्षही काढलं नाही. त्याची बायको झुंबरबाई एकदा बाजारात समोर आली, तर मी रस्ता बदलला. सोळा वर्षं मी हे घेऊन जेवते आणि झोपते आहे. मला चाकूची भीती नाही, संध्या, त्या दाराची आहे.

काल गाठ दोन तास आत गेली नाही. घाम फुटला. म्हणून येते. पण भूल पाठीत इंजेक्शन देऊन द्या, मला जागं राहू द्या. तुमच्या त्या मिनिटात मलाही माझं नाव सांगायचंय.

तुझा राग मला चालेल, दुरावा चालणार नाही.

आत्या


आष्टी, २२ सप्टेंबर २०२४

चि. संध्यास जयभीम व आशीर्वाद.

टाके सुकले. अंगणापर्यंत चालते. परवा रिक्षा करून जांब समर्थला गेले आणि झुंबरबाईच्या समोर बसून सगळं सांगितलं. मी निघाले तेव्हा तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला. दवाखान्यालाही लेखी पाठवलं आहे.

आता मला सांग. टेबलावर मी कानात मशीन घातलं नव्हतं, ते मुद्दाम. मी सगळ्यांसमोर बोलले खरी, पण ऐकायची छाती झाली नाही. फिल्म मी लावली होती हे सांगितलं, माफी मागितली, आणि शेवटी म्हणाले, बोल, तातेराव. मग तुम्ही सगळे एकदम दाराकडे वळलेले मी बघितलं. इब्राहीमनं टोपी काढली. सरांचं तोंड पांढरं पडलं. तू माझा हात इतका दाबलास की बांगडी रुतली. नंतर विचारलं तर पाटीवर विश्रांती घे एवढंच लिहून दिलंस.

तो काय बोलला? मला बरं वाटावं म्हणून गोड करून लिहू नकोस. शिव्या दिल्या असतील तर शिव्या लिही. माझ्या मरणाचं काही बोलला असेल तर तेही लिही. मी उत्तराशिवाय फार दिवस राहू शकणार नाही.

उत्तर जल्दी पाठव, एवढी माया कर.

आत्या


जालना, २६ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास सविनय जयभीम. वि. वि.

दोन दिवस कागद पुढे घेऊन बसते आणि उठते आहे. लिहिते आता, जसंच्या तसं.

त्या दिवशी आवाज मशीनमध्ये नव्हता, थिएटरात होता. सगळ्यांनी ऐकला. तू बोल म्हणालीस आणि दाराकडून तो आला, घाईघाईनं, धाप लागलेल्या माणसासारखा. म्हणाला, बाई, पोरीची डावी बाजू दुखून राह्यली. फिल्म उलटी लागली हाय. सरांना थांबवा.

एवढंच. तुला शिवी नाही, नोकरीचा शब्द नाही, आळ घेतल्याची तक्रार नाही. तू माफी मागितलीस ती त्याला ऐकू गेली की नाही, मला सांगता येत नाही. आत्या, तो तुझ्यासाठी आलेलाच नव्हता. त्याच्या लेखी ती पोरगी अजून टेबलावरच आहे आणि अजून वेळ गेलेली नाही.

तिला जाऊन सोळा वर्षं झाली हे त्याला सांगायचं कुणी? आम्ही सहा माणसं तिथं नुसती उभी होतो. मग सरांनी हातातला चाकू ट्रेमध्ये ठेवला, दाराकडे तोंड केलं आणि हात जोडून म्हणाले, थांबलो, मामा.

स्वतःला जप, आणि आमच्यावरचा जीव असाच राहू दे.

तुझी संध्या